तिरपी तबकडी आणि सालदाराचा वाटा: एका पाय चार्टचं प्रकरण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून तीन आठवडे होते तेव्हा रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचं काम माझ्याकडे आलं. मागणी सरळ होती. गटाच्या सभेत पडद्यावर दाखवायला दीड मिनिटाचा व्हिडिओ हवा. केळीच्या एका एकराला लागवडीपासून माल निघेपर्यंत जो पैसा लागतो, तो कशाकशात जातो हे सभासदांना बघताक्षणी कळावं. गटाच्या प्रमुखांना सगळे आप्पा म्हणतात. ते सुनेला घेऊन भुसावळला माझ्या घरी आले. सुनेच्या हातात लांब हिशोबाची वही होती. मृगबागेतल्या (मृगाच्या पावसावर लावलेल्या केळीच्या) एका वावराचा लागवडीपासूनचा प्रत्येक खर्च तिनं तारीखवार लिहिला होता. या सूनबाईंना मी वहिनी म्हणते.

आप्पांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. "ताई, निवडणुकीच्या वेळी टीव्हीवर ती जाड तबकडी दाखवतात ना, तिरपी, गोल फिरणारी, तशी करा. लोकांचं लक्ष खिळलं पाहिजे." मी हो म्हटलं. अशा तबकड्या मी क्लासेसच्या जाहिरातींसाठी बऱ्याच केल्या होत्या आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. त्या तबकडीचं पुढं काय झालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं. मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलत्या आकृत्या, करणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींना ते उपयोगी पडेल.

आधी आकड्यांबद्दल. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात साधारण १७४२ खोडं, म्हणजे केळीची झाडं, बसतात आणि इथला शेतकरी खर्च खोडामागे बोलतो. वहिनींनी मात्र सगळं एकरी काढलं होतं. खाली दिलेली शेकडेवारी त्या एका वहीतली आहे आणि तीही मी थोडी इकडची तिकडे केली आहे. तिच्यावरून कुणी केळीच्या खर्चाचा अंदाज बांधू नये. इथं ती फक्त चार्ट समजण्यासाठी आहे. वहीतला क्रम असा होता: रोपं आणि लागवड १४.६, विद्राव्य खत २०.५, फवारणी ४.६, मजुरी १९.६, मशागत आणि शेणखत १८.४, ठिबक-वीज-पाणी १२.२, आणि टेकू, घडाच्या पिशव्या, किरकोळ मिळून १०.१. बेरीज बरोबर शंभर.

बांधणी

आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पाय चार्ट, म्हणजे गोलाचे वाटे दाखवणारा आलेख, बांधायच्या दोन वाटा प्रचलित आहेत. एक रेडियल वाइपची: प्रत्येक रंगाचं पूर्ण वर्तुळ घ्यायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं पुसत जायचं. हा इफेक्ट किती पुसलं ते मोजतो, किती उरलं ते नाही, त्यामुळे २० टक्क्यांचा तुकडा हवा असेल तर ८० लिहावं लागतं. घाईत इथं हमखास चूक होते.

मी दुसरी वाट धरते. शेप लेयरवर (आकार काढायच्या थरावर) ४०० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ काढायचं, आतला रंग काढून टाकायचा आणि रेघेची जाडी नेमकी ४०० ठेवायची. रेघ वर्तुळाच्या परिघावर मधोमध बसते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. म्हणून ती आतल्या बाजूला मध्यबिंदूपर्यंत पोचते, बाहेर ४०० पिक्सेल त्रिज्येपर्यंत जाते आणि भरीव तबकडी तयार होते. मग त्या रेघेला ट्रिम पाथ्स लावायचं, म्हणजे रेघ हव्या तेवढ्या टक्क्यांवर कापणारी सोय. त्याचा शेवट २०.५ टक्क्यांवर ठेवला की तबकडीचा बरोबर तेवढाच तुकडा उरतो. रेघेची टोकं गोल न ठेवता सपाट ठेवावी लागतात, नाहीतर तुकड्याला पोट सुटतं. जाडी व्यासापेक्षा जराही जास्त झाली तर रेघ मध्याच्या पलीकडे सांडते आणि समोरच्या बाजूला एक बारीक पाचर उगवते. ती पाचर कुठून आली हे शोधण्यात मी सुरुवातीच्या काळात एक अख्खी रात्र घालवली आहे.

सात तुकड्यांचे सात लेयर. प्रत्येकाची सुरुवात आधीच्या तुकड्याच्या शेवटावर ठेवावी असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं केलं की दोन तुकड्यांच्या सांध्यात मागच्या पार्श्वभूमीची केसाएवढी रेघ डोकावते. लॅपटॉपवर दिसली नाही तरी आठ फुटी पडद्यावर ती दिसते. त्यावर उपाय म्हणजे सगळे तुकडे शून्यापासूनच सुरू करायचे आणि प्रत्येकाचा शेवट तिथपर्यंतच्या बेरजेवर ठेवायचा. रोपं १४.६ वर, खत ३५.१ वर, फवारणी ३९.७ वर, असं करत शेवटचा १०० वर. सगळ्यात छोटा वर, पूर्ण वर्तुळ सगळ्यात खाली. उतरंडीसारखं. सांध्याखाली नेहमी पुढच्या तुकड्याचा रंग असतो, म्हणून फट राहत नाही.

आकडे मी कीफ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या ठरावीक क्षणांना हातानं बांधून, लिहिले नाहीत. एका नल लेयरवर (पडद्यावर न दिसणाऱ्या रिकाम्या थरावर) सात स्लायडर, म्हणजे आकडा भरायच्या सरकपट्ट्या, ठेवले, प्रत्येकाला खर्चाचं नाव दिलं आणि ट्रिम पाथ्सचा शेवट एक्स्प्रेशननं (छोट्या सूत्रानं) त्या स्लायडरच्या बेरजेला जोडला. आठवा स्लायडर प्रगतीचा, ० ते १००. तो फिरला की तबकडी उघडते. ही शिस्त मला पुढे वाचवणार होती, अर्धीच का होईना.

मग आप्पांच्या सांगण्याप्रमाणे सगळी तबकडी थ्रीडी केली आणि ६० अंशांत मागे कलवली. खाली त्याच तबकडीच्या गडद रंगातल्या प्रती एकाखाली एक रचून जाडी दिली आणि सॉफ्टवेअरमधला कॅमेरा हळूच पुढं सरकवला. दिसायला खरंच देखणी झाली होती.

काकूंचं बोट

आठ दिवसांनी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर आप्पा, वहिनी, गटातले तिघेजण आणि आतल्या दाराशी काकू. काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. वहीत नाव वहिनींचं असलं तरी मजुरांना दर आठवड्याला हातात पैसे देतात त्या काकू. व्हिडिओ संपला, सगळे छान म्हणाले. काकू पुढं आल्या आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही मजुरी ना? मग ही खतापेक्षा एवढी मोठी कशी? खताची बिलं जास्त आहेत."

मी म्हटलं, काकू, आकडा बघा ना, खतावर २१ लिहिलंय आणि मजुरीवर २०. त्या म्हणाल्या, "आकडा दिसतोय गं बाई. पण चित्र वेगळं बोलतंय."

मला उत्तर सुचेना. घरी येऊन मी व्हिडिओतल्या त्या चौकटीचा (फ्रेमचा) फोटो छापला आणि कोनमापक लावला. सपाट वर्तुळात खताचा तुकडा ७३.८ अंशांचा असायला हवा आणि मजुरीचा ७०.६ अंशांचा, म्हणजे खत किंचित मोठं. कागदावर खत भरलं ४१ अंश आणि मजुरी ११० च्या आसपास.

कारण शाळेतल्या भूमितीचंच आहे. तबकडी ६० अंशांत मागे कलवली की तिची उंची निम्मी होते आणि रुंदी तशीच राहते. वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. जो तुकडा डाव्या किंवा उजव्या बाजूला आहे तो वरून-खालून दाबला जातो आणि त्याचा कोन मिटतो. जो समोर किंवा मागे आहे तो पसरतो. खताचा तुकडा बरोबर उजवीकडे आला होता, तीन वाजण्याच्या जागी. मजुरी बरोबर समोर, सहा वाजण्याच्या जागी. दोघांची जागा केवळ वहीतल्या क्रमानं ठरली होती. त्यातच कॅमेऱ्यामुळे जवळची वस्तू मोठी दिसते आणि तबकडीची जाड कड फक्त समोरून दिसते, म्हणजे तो सगळा जादा रंगही मजुरीच्याच खात्यात. क्रम उलटा असता तर खत राक्षसासारखं दिसलं असतं आणि मजुरी चिमूटभर.

म्हणजे मी कुठलाही आकडा चुकीचा न टाकता खोटं चित्र काढलं होतं. खर्चाच्या सभेत मजुरी फुगवून दाखवायची, तीही आखाजीच्या तोंडावर, जेव्हा सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल ठरतं! हे ध्यानात आल्यावर मला स्वतःचा मनापासून राग आला. त्या चित्रावरून कुणी सालदाराशी घासाघीस केली असती.

सपाट करताना

आप्पांना फोनवर समजावणं कठीण होतं, म्हणून मी दोन्ही छापील चित्रं आणि कोनमापक घेऊनच गेले. त्यांनी स्वतः मोजलं. मग म्हणाले, "करा सपाट." पाय चार्ट मुळातही सपाटच होता: विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्यानं १८०१ साली तुर्की साम्राज्याची जमीन आशिया, युरोप आणि आफ्रिकेत कशी वाटली आहे हे दाखवायला पाय चार्ट काढला, तो सपाटच होता.

गटातल्या एका शिक्षकानं मात्र रास्त प्रश्न विचारला: मग सरळ उभे स्तंभच का नाही? १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच पट्टीवरची उंची माणूस जितकी अचूक ओळखतो तितका कोन ओळखत नाही. खत आणि मजुरीत कोण मोठं एवढंच विचारायचं असतं तर मी स्तंभच काढले असते. पण आप्पांना सांगायचं होतं वेगळं: हे शंभर रुपये आहेत, यातलेच सगळे वाटे आहेत, एक वाढला की दुसऱ्याला कमी पडणार. ती गोष्ट गोलातच कळते. दहावीच्या पुस्तकातला वृत्तालेख विसरलेला माणूसही भाकरीचे वाटे विसरत नाही. म्हणून गोल ठेवला, पण प्रत्येक वाट्यावर आकडा लिहिला आणि मोठा वाटा आधी, बारा वाजण्याच्या जागेपासून उजवीकडे, अशी मांडणी केली. वहीतला क्रम वहीत राहिला.

आकड्यांचा एक घोळही याच वेळी सापडला. पहिल्या व्हिडिओत खतावर २१ दिसत होतं, कारण एक्स्प्रेशन २०.५ ला जवळच्या पूर्णांकात नेत होतं. सगळे आकडे तसे पूर्ण केले की १५, २१, ५, २०, १८, १२, १० होतात. बेरीज १०१. सभेत कुणीतरी बोटांवर बेरीज करणारच, आणि एका रुपयाचा फरक निघाला की उरलेल्या नव्व्याण्णवांवरही विश्वास राहत नाही. म्हणून आधी सगळ्यांचे दशांश सरळ कापले: १४, २०, ४, १९, १८, १२, १०, बेरीज ९७. उरलेले तीन ज्यांचा कापलेला भाग सगळ्यात मोठा होता त्यांना एकेक दिले, म्हणजे रोपं, फवारणी आणि मजुरीला. झाले बरोबर शंभर. आता पडद्यावर लिहायचा आकडा वेगळ्या स्लायडरमधून येतो आणि तुकड्याचा कोन खऱ्या दशांशासकट येतो. खत आणि मजुरी दोन्हीवर २० लिहिलेलं असलं तरी खताचा तुकडा बारीकसा मोठा आहे, आणि तो तसाच दिसायला हवा.

हालचालीचा विचार मी पूर्वी कधी इतका केला नव्हता. माझी सवय अशी की प्रत्येक तुकडा वेगवेगळा उगवायचा, एकाचा वेग दुसऱ्यावर थोडा चढलेला, शेवटी प्रत्येकाला मऊ थांबा. बघायला गोड वाटतं. पण मधल्या कुठल्याही क्षणी व्हिडिओ थांबवला तर तुकड्यांचं एकमेकांशी प्रमाण चुकलेलं असतं. सभेत माणसं मोबाइलवर फोटो काढतात आणि तो फोटो गावभर फिरतो. म्हणून ठरवलं की एकही चौकट खोटी असता कामा नये. पंख्यासारखं सगळं एकदम उघडलं तर प्रमाण सतत बरोबर राहतं, पण मग निवेदनात एकेका खर्चाबद्दल बोलायला जागा उरत नाही. शेवटी घड्याळाच्या काट्यासारखी एकच कड फिरवली. ती जिथून गेली तो तुकडा आपल्या खऱ्या जागी, खऱ्या मापात दिसतो, आणि न उलगडलेला भाग राखाडी राहतो. वेगही सगळीकडे सारखा ठेवला: सेकंदाला दहा टक्के. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या व्हिडिओत दर चौकटीला ०.४ टक्के. खताला दोन सेकंदांहून जरा जास्त लागतात, फवारणीला अर्ध्या सेकंदाहून कमी. छोटा तुकडा लवकर संपतो, मोठा रेंगाळतो आणि बघणाऱ्याला रक्कम वेळेतूनही जाणवते. थांबे फक्त दोन तुकड्यांच्या मध्ये, निवेदन संपेपर्यंत.

मराठी अक्षरांबद्दल थोडं, कारण यात आपली मुलं फार अडकतात. सॉफ्टवेअरच्या टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीची व्यवस्था निवडली नाही तर 'विद्राव्य' या शब्दाचे तुकडे होतात: वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते, द आणि र मधला हलंत उघडा पडतो. ती निवडल्यावरही अक्षरागणिक उमटणारं अॅनिमेशन लावू नये, कारण मात्रा अक्षरापासून सुटून स्वतंत्र उडू लागतात. मी शब्द अखंड ठेवते आणि मास्कनं (वरचं झाकण सरकवत) उघडते. चढत जाणारे आकडे देवनागरीत हवे असतील तर एक्स्प्रेशनमध्ये शून्य ते नऊ देवनागरी अंकांची एक ओळ द्यायची आणि प्रत्येक इंग्रजी अंकाच्या जागी तिच्यातला तितक्या क्रमांकाचा अंक उचलायला सांगायचं. मुक्त हा फाँट मी वापरला. लांबून वाचायला तो मोकळा आहे.

रंग सभामंडपात जाऊन ठरवले. दुपारची सभा, तीन बाजू उघड्या, पडदा म्हणजे पांढरी चादर. पिवळा रंग केळीला शोभतो म्हणून मी घेतला होता, तो तिथं पार विरून गेला. मग शेजारच्या दोन तुकड्यांत एक गडद आणि एक फिका असं धरून रंग लावले, पार्श्वभूमी काळसर केली आणि बाजूची रंगांची यादी काढून नाव थेट तुकड्यावर लिहिलं. फवारणीचा तुकडा नाव मावण्याइतका रुंद नव्हता. तो किरकोळमध्ये मिसळून टाकावा असं मी सुचवलं, पण आप्पा ठाम होते. पानांवरच्या करपा रोगासाठी किती फवारलं हेच तर सभासद विचारणार. म्हणून नाव बाहेर लिहून रेघेनं जोडलं. ते बरोबरच म्हणाले होते.

सालदार

सभेच्या आदल्या संध्याकाळी सपाट व्हिडिओ दाखवायला गेले. या वेळी काकू पुढंच बसल्या होत्या. कड फिरली, वाटे उलगडले, शेवटची चौकट थांबली. खत आणि मजुरी शेजारी शेजारी, जवळजवळ सारखे. काकू बराच वेळ बघत होत्या.

"यात सालदाराचे धरले का गं?"

वहिनींनी वही उघडली. रोजंदारीच्या बायका, घड उतरवणं, पीलं (खोडाशेजारी फुटणारे कोंब) कापणं, सगळं मजुरीत होतं. सालदाराचे मात्र मोठ्या रकमेनं दिलेले पैसे आणि घातलेलं धान्य किरकोळमध्ये जाऊन बसलं होतं, कारण ते आठवड्याच्या पाकिटातून जात नाहीत. त्याच्या वर्षाचा या वावरावर पडणारा हिस्सा काढला तर शंभरातले चार रुपये निघाले. मजुरी २३.६ झाली, किरकोळ ६.१ वर आलं. खतापेक्षा मजुरी खरोखरच मोठी ठरली.

वहिनी म्हणाल्या, म्हणजे पहिलीच तबकडी बरोबर होती की. नाही. तिरप्या तबकडीत ही नवी मजुरी १२२ अंशांची दिसली असती. खरा कोन ८५ अंशांचा आहे. आणि मुख्य म्हणजे त्या तबकडीसमोर हा प्रश्नच उठला नसता. तिथं मजुरी आधीच अवाढव्य दिसत होती, तिच्यात काही राहिलंय असं कुणाच्या मनात येणार? काकूंना अंदाजानं माहीत होतं की माणसांवर किती जातं. चित्र खरं झालं तेव्हाच ते त्यांच्या अंदाजाला कमी पडलं आणि चूक वहीत सापडली.

रात्री बदल करायला बसले. स्लायडरमध्ये दोन आकडे बदलले, तुकडे आपोआप सरकले. लिहायचे आकडे परत कापून वाटले: मजुरी २४, किरकोळ ६, बाकी तेच, बेरीज शंभर. मजुरी पहिल्या नंबरवर आणायची म्हणून खतासोबत तिची जागा बदलली. इथपर्यंत दहा मिनिटं. मग व्हिडिओ चालवला तर 'मशागत' हे नाव एका कडेला घसरलेलं आणि 'किरकोळ' भलत्याच रंगावर बसलेलं. नावांच्या जागा मी हातानं ठेवल्या होत्या. सगळं जोडलं आणि नेमकं तेवढंच सोडलं होतं. ते रात्री दोनपर्यंत जोडत बसले: तुकड्याच्या सुरुवातीत त्याचा निम्मा वाटा मिळवायचा, ३.६ नं गुणून मधला कोन काढायचा, त्याचं रेडियनमध्ये रूपांतर करायचं, मग साइननं नाव उजवीकडे किती आणि कोसाइननं वर किती ते ठरवायचं. पडद्यावर वर जाणं म्हणजे आकडा कमी होणं, त्यामुळे कोसाइन वजा करावा लागतो. आता कुठलाही आकडा बदलला तरी नाव आपल्या तुकड्याच्या मधोमध जाऊन बसतं.

सभेत

व्हिडिओ दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा मजुरीवर थांबवून आप्पांनी सालदाराची गोष्ट सांगितली आणि विचारलं की तुमच्या वहीत तो कुठं आहे. बऱ्याच जणांच्या वहीत तो कुठंच नव्हता. बोलणं तिथंच अर्धा तास चाललं.

मग मागं बसलेल्या बायकांमधून एक उठली. "आम्ही घरच्या बाया रोज वावरात असतो. पीलं आम्ही कापतो, खत आम्ही टाकतो. आमचं या गोलात कुठं आहे?"

शिक्षकांनी सांगितलं की सरकारचा कृषी मूल्य आयोगसुद्धा प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च वेगळा धरतो आणि त्यात कुटुंबाच्या मजुरीची किंमत मिळवून आणखी एक आकडा काढतो. आप्पा काकूंकडे बघत होते. काकूंनी वहिनींना विचारलं, "लिहिता येईल का?"

त्या प्रश्नाला मी तयार नव्हते. माझे स्लायडर शेकडेवारीचे होते. एक नवा वाटा घालायचा तर सातही आकडे नव्यानं काढावे लागतात, कारण वर्तुळ शंभराचंच राहणार आणि बाकी सगळे आक्रसणार. भुसावळला परतल्यावर मी फाइल उलगडली आणि स्लायडर रुपयांचे केले. हा स्लायडर ओढून शंभराच्या पलीकडे जात नाही, पण आकडा टाइप केला तर दहा लाखांपर्यंत घेतो, एकरी खर्चाला तेवढं भरपूर आहे. एकूण बेरीज एक्स्प्रेशन करतं, प्रत्येकाचा वाटा तिनं भागून निघतो. शेकडेवारी आता फाइलमध्ये कुठंच लिहिलेली नाही, ती दर वेळी रुपयांतून जन्मते. नव्या खर्चाची जागाही करून ठेवली आहे. तिचं नाव 'घरची मजुरी' आणि तिथं सध्या शून्य आहे, म्हणून तुकडा दिसत नाही.

परवा वहिनींचा फोन होता. काकूंनी आखाजीपासून स्वतःची वेगळी वही घातली आहे. कोण किती वेळ वावरात होतं ते त्या रोज संध्याकाळी सांगतात आणि नातू लिहितो. दर काय लावायचा यावर घरात अजून एकमत नाही. आप्पा बाहेरच्या बाईचा रोज धरू म्हणतात, काकू म्हणतात त्याहून जास्त. ठरलं की आकडा पाठवते म्हणाल्या.